सामान की सहप्रवासी?
विमानातील पाळीव प्राणी आणि श्रावकाची जीवदया

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील जीवदया व्याख्यानाचे शब्दांकन)



धर्मादाय संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षे पूर्ण होणे ही समाजाच्या दृष्टीने आनंदाची घटना असते. अशा प्रसंगी गतकार्याचा आढावा घेतला जातो, दात्यांचे स्मरण केले जाते आणि पुढील वाटचालीचा संकल्प सोडला जातो. परंतु जीवदयेचे कार्य करणाऱ्या संस्थेला याहून एक अधिक जबाबदारी असते. जीवदयेचे तत्त्व शाश्वत असले, तरी तिच्यापुढे उभे राहणारे प्रश्न काळाप्रमाणे रूप बदलतात. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून पारशी बांधवांनी मोठा उठाव केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने आणि व्यापारी समाजाच्या सहकार्याने भुलेश्वरची पांजरपोळ उभी राहिली. त्या पिढीपुढील प्रश्न रस्त्यावरच्या मुक्या जीवाचा होता. आजच्या पिढीपुढे त्याच मुक्या जीवाचा प्रश्न विमानतळाच्या दारात येऊन ठेपला आहे.

पाळीव प्राण्याला विमानाच्या प्रवासी कक्षात, म्हणजे केबिनमध्ये, माणसांच्या शेजारी बसून प्रवास करू द्यावा की नाही, हा तो प्रश्न होय. प्रथमदर्शनी तो किरकोळ आणि श्रीमंतांच्या हौसेचा वाटतो. वस्तुस्थिती तशी राहिलेली नाही. समाजातील मुले-मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुणे, बंगळुरू, दिल्ली येथे आणि परदेशी जात आहेत. नोकरीत बदली होते. वृद्ध आईवडील गावचे घर बंद करून मुलांकडे राहावयास जातात. घरात आठ-दहा वर्षे वाढलेले कुत्रे किंवा मांजर असते. अशा वेळी कुटुंबापुढे तीनच मार्ग उरतात : त्या जीवाला बरोबर नेणे, विश्वासाच्या माणसाकडे ठेवणे, किंवा त्याला सोडून देणे. तिसरा मार्ग धर्माने निषिद्ध आहेच, शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमानुसार, उपासमार वा तहान ओढवेल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा गुन्हाही आहे. तरीही तो मार्ग पत्करला जातो आणि त्याची फळे पांजरपोळींच्या दारात दिसतात. म्हणून उरलेल्या दोन मार्गांचा विचार करणे आवश्यक ठरते.

आजची व्यवस्था

विमानातून प्राणी नेण्याचे सामान्यतः तीन प्रकार आहेत. पहिला, लहान प्राण्याला पिशवीत वा पिंजऱ्यात घालून, समोरच्या आसनाखाली ठेवून, प्रवासी कक्षातून नेणे. दुसरा, प्रवाशाचे नोंदणीकृत सामान म्हणून विमानाच्या पोटातील मालकक्षातून नेणे. तिसरा, मालवाहतूक म्हणून स्वतंत्रपणे पाठविणे. भारतात एअर इंडियाने ही सोय दीर्घकाळ ठेवलेली आहे. २०२२ च्या नोव्हेंबरपासून आकासा एअर या नव्या कंपनीनेही देशांतर्गत उड्डाणांत कुत्र्या-मांजरांना प्रवेश दिला. प्रारंभी पिंजऱ्यासह ७ किलोपर्यंतचा प्राणी प्रवासी कक्षात आणि त्याहून जड प्राणी मालकक्षात, अशी तिची मर्यादा होती. काही कंपन्या मात्र दिव्यांगांच्या साहाय्यक श्वानाखेरीज कोणताही प्राणी स्वीकारीत नाहीत. परदेशांतही एकवाक्यता नाही. अमेरिकेत प्रवासी कक्षातील कुत्रे-मांजर ही नित्याची गोष्ट आहे, तर ब्रिटनमध्ये प्रवेश करताना साहाय्यक श्वान वगळता पाळीव प्राण्याला मालवाहतुकीच्या मार्गानेच यावे लागते.

मालकक्षासंबंधी एक गैरसमज दूर करावयास हवा. प्राणी जेथे ठेवतात त्या कप्प्यात हवेचा दाब प्रवासी कक्षाइतकाच राखलेला असतो आणि उष्णतेचीही व्यवस्था असते. तेथे प्राणी श्वासावाचून गुदमरतोच, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. अमेरिकी विमान कंपन्यांनी २०१७ साली सुमारे ५ लाख ७ हजार प्राण्यांची वाहतूक केली व त्यांत २४ प्राण्यांचा मृत्यू झाल्याची नोंद तेथील परिवहन खात्याने केली. प्रमाण पाहता हा आकडा लहान आहे. परंतु मालकक्षातील प्राण्याला काही झाले, तर उड्डाण संपेपर्यंत ते कोणास कळत नाही, आणि खरा धोका आकाशापेक्षा जमिनीवर अधिक असतो. पिंजरा गाडीवरून विमानापर्यंत नेणे, उन्हात थांबणे, इंजिनांचा कर्णकर्कश आवाज, अपरिचित हातांची धसमुसळी हाताळणी, यांतूनच बहुतेक अनर्थ ओढवतात. अमेरिकेच्या नियमांनुसार अशा ने-आणीच्या वेळी कुत्र्या-मांजराला सुमारे २९.५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानात ४५ मिनिटांहून जास्त ठेवता येत नाही. वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या नागपूरच्या विमानतळावर या कसोटीचे काय होईल, याची कल्पना कोणासही करता येईल.

न्यायालयाने दिलेले उत्तर

या प्रश्नाच्या मुळाशी असलेला प्रश्न नुकताच एका मोठ्या न्यायालयापुढे आला. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी एक महिला आपल्या आईसह अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्स येथून स्पेनमधील बार्सिलोनाला निघाली होती. बरोबर तिची कुत्री होती. नियमाप्रमाणे कुत्रीला मालकक्षातून जावयाचे होते. विमानाकडे नेत असताना ती पिंजऱ्यातून निसटली आणि पुन्हा कधीच सापडली नाही. मालकिणीने मानसिक क्लेशाबद्दल ५,००० युरोंची भरपाई मागितली. विमान कंपनीने जबाबदारी मान्य केली, परंतु हरवलेल्या सामानासाठी ठरलेल्या मर्यादेपर्यंतच.

स्पेनच्या न्यायालयाने हा मुद्दा लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयाकडे पाठविला. १६ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा निर्णय आला. १९९९ च्या माँट्रिअल करारात 'व्यक्ती', 'सामान' आणि 'माल' असे भेद आहेत. व्यक्ती म्हणजे प्रवासी मनुष्य. म्हणून पाळीव प्राणी हा 'सामान' या संज्ञेत मोडतो, असे न्यायालयाने म्हटले. प्राण्यांना सुखदुःखाची संवेदना असते हे युरोपीय संघाच्या मूळ करारानेच मान्य केलेले आहे, याचा विसर न्यायालयास पडला नव्हता. वाहतुकीत त्यांच्या कल्याणाची काळजी घेतलीच पाहिजे. परंतु भरपाईपुरते ते सामानच होत, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

हा निकाल परक्या देशाचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. भारताने २००९ साली याच माँट्रिअल कराराचा स्वीकार केला असून १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्यात त्याचा अंतर्भाव आहे. युरोपीय न्यायालयाचा निर्णय भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नसला, तरी मूळ शब्द तेच आहेत. एक व्यावहारिक गोष्ट मात्र येथे ध्यानी घ्यावी. नोंदणीकृत सामान सोपविताना प्रवाशाला त्याचे विशेष मूल्य लेखी जाहीर करण्याची आणि आवश्यक ते जादा शुल्क भरण्याची मुभा या करारात आहे. तसे केल्यास सर्वसाधारण मर्यादा लागू होत नाही. जो जीव घरातील माणसासारखा मानला जातो, त्याच्यासाठी एवढी दक्षता घेणे मालकाचे कर्तव्य आहे.

शास्त्राची दृष्टी

न्यायालयाने प्राण्याला सामान म्हटले, म्हणून जैन श्रावकाने केवळ संताप व्यक्त करून भागणार नाही. आपल्या शास्त्रांतही चतुष्पदाची गणना दोन ठिकाणी येते. बाह्य परिग्रहाचे जे दहा प्रकार सांगितले जातात, त्यांत क्षेत्र, वास्तु, धन, धान्य यांच्याबरोबर द्विपद आणि चतुष्पदही आहेत. म्हणजे पाळलेले जनावर हा गृहस्थाचा परिग्रह होय, हे आचार्यांनी स्पष्टपणे ओळखले होते. परंतु परिग्रह म्हणून त्याची नोंद झाली ती मालकी सिद्ध करण्यासाठी झाली नाही. त्याची मर्यादा बांधण्यासाठी झाली. परिग्रह-परिमाण हे अणुव्रत हौसेखातर एकामागून एक प्राणी आणण्यास आळा घालते.

दुसरी गणना जीव-विचारात येते. कुत्रा, मांजर, पोपट हे पंचेंद्रिय संज्ञी तिर्यंच आहेत. त्यांना पाच इंद्रिये आहेत आणि मन आहे. संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंचालाही सम्यक्त्व प्राप्त होऊ शकते व तो देशविरतीपर्यंत पोहोचू शकतो, असे शास्त्र मानते. भगवान महावीरांच्या पूर्वभवांत सिंहाचा भव आहे, हे प्रत्येक श्रावकास ठाऊक आहे. अशा जीवाला भीती कळते, विरह कळतो, अंधार कळतो. त्यामुळे कायदा त्याला कोणत्या रकान्यात लिहितो हा प्रश्न न्यायाधीशांचा असला, तरी त्याला कोणत्या भावाने वागवावे हा प्रश्न श्रावकाचाच राहतो.

येथे आणखी एक सिद्धांत उपयोगी पडतो. आत्मा हा स्वदेहपरिमाण आहे. मुंगीच्या देहात तो संकोच पावतो, हत्तीच्या देहात विस्तार पावतो. आत्मप्रदेशांची संख्या दोन्हीकडे समान असते. या दृष्टीने पाहता ७ किलोपर्यंतच्या जीवाला मालकाचा सहवास आणि ३० किलोच्या जीवाला अंधारा मालकक्ष, ही विभागणी सोयीची असेल, दयेची खचित नव्हे. विमानातील जागा मर्यादित आहे, हे खरे. म्हणूनच केवळ प्रवासी कक्षाचे दार उघडले की जीवदयेचे कर्तव्य संपले, असे समजता येत नाही. मालकक्षात जाणाऱ्या जीवाची सावली, पाणी आणि हाताळणी यांचा आग्रह तितकाच धरावा लागेल.

पाच अतिचारांची कसोटी

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हे पाचही अतिचार मुख्यतः पाळीव पशूंच्या संदर्भातच समजावून सांगितले जातात. बैलगाडीच्या काळात सांगितलेली ही कसोटी विमानालाही तंतोतंत लागू पडते.

बंध म्हणजे अडकवून ठेवणे. पिंजऱ्यावाचून विमानप्रवास होत नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघाच्या नियमांत पिंजऱ्याचे माप सांगितलेले आहे : प्राण्याला त्यात नैसर्गिकपणे उभे राहता, वळता आणि आडवे होता आले पाहिजे. प्रवासाच्या आधी काही आठवडे तोच पिंजरा घरात उघडा ठेवून प्राण्याला त्याची सवय केली, तर बंधाचे रूपांतर आसऱ्यात होते. याउलट, प्राणी गप्प राहावा म्हणून त्याला गुंगीचे औषध देणे हे डोळ्यांना न दिसणारे बंधन आहे. उंचावरील विरळ हवेत अशा औषधांनी श्वसन आणि हृदयक्रिया यांवर विपरीत परिणाम होऊ शकतो. म्हणून पशुवैद्यकांच्या संघटना ते देऊ नये असाच सल्ला देतात.

वध म्हणजे येथे ताडन. सहप्रवाशांना त्रास नको म्हणून भुंकणाऱ्या कुत्र्याला चापटी मारणे, पिशवी हिसडणे, तोंड दाबून धरणे, हे प्रकार लाजेपोटी घडतात. माणसाच्या लाजेची शिक्षा मुक्या जीवाने भोगावी, हे धर्मसंमत नाही.

छेद म्हणजे अवयव तोडणे. या ठिकाणी थोडा खोल विचार करावयास हवा. बुलडॉग, पग यांसारख्या जातींचे नाक माणसाने आपल्या आवडीखातर पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आखूड केले. सुरी न लावता केलेला हा छेदच म्हणावा लागेल. त्याचे फळ विमानात दिसते. २००५ ते २०१० या पाच वर्षांत अमेरिकी विमानांतून नेताना मरण पावलेल्या १२२ कुत्र्यांची जी नोंद तेथील परिवहन खात्याने प्रसिद्ध केली, त्यांपैकी सुमारे निम्मी कुत्री आखूड नाकाच्या जातींची होती. अशा प्राण्याला उष्णता आणि भीती यांत पुरेसा श्वास घेता येत नाही. त्याला विमानातून नेणे शक्यतो टाळावे, आणि अशा जातींची खरेदीच करू नये.

अतिभारारोपण म्हणजे शक्तीपेक्षा अधिक भार लादणे. विमानात प्राण्याच्या पाठीवर ओझे नसते, परंतु वजनाच्या मर्यादेत बसविण्यासाठी मोठ्या प्राण्याला लहान व हलक्या पिशवीत कोंबले जाते. वयोवृद्ध, आजारी, गाभण प्राण्याला प्रवासाचा ताण देणे हाही अतिभारच होय. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनी प्रवासायोग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला आवश्यक ठरविला असून गर्भावस्था पुढे गेलेल्या कुत्रीला वा मांजरीला नेण्यास मनाई केली आहे. हा दाखला कागदापुरता मिळवू नये.

अन्नपाननिरोध म्हणजे अन्नपाणी रोखणे. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून उड्डाणापूर्वी काही तास आहार हलका ठेवावा, असे पशुवैद्यक सांगतात. तेवढे करणे हितबुद्धीचे आहे. मात्र पिंजरा स्वच्छ राहावा म्हणून आदल्या दिवसापासून पाणीही तोडणे हा निखालस अतिचार आहे. श्रावक चतुर्दशीला उपवास करतो तेव्हा त्यामागे त्याचा संकल्प असतो. उपाशी ठेवलेल्या कुत्र्याला असा संकल्प नसतो. त्याला केवळ भूक असते.

प्रमाद हेच मूळ

प्रवासी कक्ष मिळाला म्हणजे सर्व काही साधले, असेही नाही. १२ मार्च २०१८ रोजी अमेरिकेत ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात एका कुटुंबाबरोबर फ्रेंच बुलडॉग जातीचे दहा महिन्यांचे कुत्रे होते. नियमाप्रमाणे त्याची पिशवी आसनाखाली असावयास हवी होती. विमान कर्मचारी महिलेने ती डोक्यावरील सामानाच्या बंद कप्प्यात ठेवावयास लावली. तीन तासांहून अधिक काळाचा प्रवास संपला तेव्हा ते कुत्रे मरण पावलेले आढळले. पिशवीत जिवंत प्राणी आहे हे आपणास समजले नव्हते, असे त्या महिलेचे म्हणणे होते. कंपनीने जबाबदारी स्वीकारली आणि पुढे प्राण्यांच्या पिशव्यांना ठळक रंगाची ओळखपट्टी लावण्याचे ठरविले.

या दुर्घटनेत कोणाच्याही मनात मारण्याचा हेतू नव्हता. जैन शास्त्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमत्तयोगाला, म्हणजे बेसावधपणाने होणाऱ्या मन-वचन-कायेच्या प्रवृत्तीला, केंद्रस्थानी का ठेवले आहे, ते अशा वेळी कळते. हेतू नसतानाही केवळ लक्ष नसल्याने जीव जातो. म्हणून केबिन की मालकक्ष यापेक्षाही, त्या जीवावर कोणाचे लक्ष राहणार आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. प्रवासी कक्षाचा खरा लाभ हाच की, तेथे मालकाची नजर आणि आवाज जवळ असतो. ती नजर हटली, तर तो लाभही नाहीसा होतो.

शेजारी बसलेला जीव

करुणेचे वर्तुळ आपल्या प्राण्यापाशी थांबत नाही. शेजारच्या आसनावरील मनुष्य हाही जीवच आहे. कोणास मांजराच्या सान्निध्याने दम्याचा झटका येतो, कोणास लहानपणी कुत्रे चावल्याने तीव्र भीती वाटते. बंद विमानातून तो उठून बाहेर जाऊ शकत नाही. त्याची अडचण प्राण्याविषयीचा द्वेष समजून त्याला हिणविणे, हे अनेकांतदृष्टीस सोडून आहे. तिकीट काढतानाच कंपनीला पूर्वसूचना देणे, अ‍ॅलर्जी असलेल्या प्रवाशापासून दूरचे आसन मागणे, आणि वेळ पडल्यास स्वतः जागा बदलणे हा सुज्ञ मार्ग होय.

सवलतीचा दुरुपयोग झाला की ती सर्वांचीच जाते, याचाही धडा अमेरिकेने दिला आहे. तेथे 'मानसिक आधाराचा प्राणी' या नावाखाली बदकापासून डुकरापर्यंत नानाविध प्राणी विमानात नेले जाऊ लागले. अखेर डिसेंबर २०२० मध्ये परिवहन खात्याने नियम बदलला आणि केवळ प्रशिक्षित श्वानालाच साहाय्यक प्राणी म्हणून मान्यता उरली. ज्यांना खरोखर मानसिक आधाराची गरज होती, त्यांनाही त्याची झळ बसली. शुल्क वाचविण्यासाठी खोटे प्रमाणपत्र मिळविणे हे सत्याणुव्रताचा भंग करते आणि अंध बांधवाच्या मार्गदर्शक श्वानाविषयीही संशय निर्माण करते.

प्रवास आवश्यक आहे काय?

भगवान नेमिनाथांचा रथ विवाहमंडपाकडे निघाला असता वाटेत कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांच्या कानी पडला. हे जीव कशासाठी कोंडले आहेत, अशी त्यांनी सारथ्याजवळ पृच्छा केली. उत्तर ऐकताच रथ मागे फिरला आणि पुढे गिरनारवर त्यांनी दीक्षा घेतली. पाळीव प्राण्यासाठी विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी प्रत्येक श्रावकाने तीच पृच्छा स्वतःस करावी : हा जीव कशासाठी कोंडला जात आहे?

कधी या प्रश्नाचे उत्तर निःशंक असते. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा तेथील काही भारतीय विद्यार्थ्यांनी आपल्या कुत्र्या-मांजरांना मागे टाकून येण्यास नकार दिला. केरळची एक विद्यार्थिनी आपल्या कुत्रीला घेऊन सीमा ओलांडून आली. केंद्र सरकारनेही प्रसंग जाणून प्राणी आणण्याच्या कागदपत्रांच्या अटी तेवढ्यापुरत्या शिथिल केल्या. मात्र तिला दिल्लीहून केरळला नेणाऱ्या विशेष विमानात कुत्रीला प्रवेश मिळाला नाही, आणि दुसऱ्या विमानाची व्यवस्था करावी लागली. युद्ध, स्थलांतर, कायमची बदली, दीर्घ उपचार, अशा कारणांसाठी प्राण्याला बरोबर नेणे हे दयेचे कृत्य आहे. तेथे प्रवासी कक्षाचे दार उघडे असावे, अशी मागणी जीवदया मंडळांनी अवश्य करावी.

परंतु चार दिवसांच्या सहलीसाठी, लग्नसमारंभातील छायाचित्रांसाठी, किंवा करमत नाही म्हणून प्राण्याला आकाशमार्गे नेणे हा वेगळा प्रकार आहे. तेथे सुख माणसाचे आणि क्लेश प्राण्याचा असतो. दिग्व्रत आणि देशावकाशिक व्रत श्रावकाला स्वतःच्या गमनागमनाची मर्यादा घालावयास शिकवितात. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या वतीने ही मर्यादा मालकानेच घालावयास हवी.

कोणी विचारील, श्रावकाने कुत्री-मांजरे पाळावीतच कशाला? हा आक्षेप निराधार नाही. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात धनप्राप्तीसाठी पोपट, मांजर, कुत्रा इत्यादी प्राणी पोसणे हे असतीपोषण नावाचे कर्मादान, म्हणजे वर्ज्य व्यवसाय, मानले आहे. त्याचा स्पष्ट अर्थ असा की, प्राण्यांची पैदास व विक्री श्रावकाने करू नये, आणि त्या व्यापाराला खरेदीने उत्तेजनही देऊ नये. मात्र रस्त्यावरील जखमी पिलू घरी आणले असेल, किंवा जो जीव घरात वाढलाच असेल, त्याची जबाबदारी या नियमाने संपत नाही. उलट ती त्याच्या अखेरच्या श्वासापर्यंत राहते.

समाजाचे कर्तव्य

वर ज्या दुसऱ्या मार्गाचा उल्लेख आला, विश्वासाच्या माणसाकडे ठेवण्याचा, तो मार्ग समाजच मोकळा करू शकतो. पूर्वी एकत्र कुटुंबात कोणी ना कोणी घरी असे. आता दोन वृद्धांच्या घराला कुलूप लागले की प्राण्याला घर उरत नाही. प्रत्येक गावातील संस्थेने आपल्या सभासदांपैकी प्राणी सांभाळण्यास तयार असणाऱ्या कुटुंबांची एक यादी ठेवावी. एकाने दिवाळीत दुसऱ्याचे मांजर सांभाळावे, दुसऱ्याने उन्हाळ्यात पहिल्याचे कुत्रे. सांभाळणाऱ्याजवळ प्राण्याच्या लसीकरणाचा कागद, पशुवैद्यकाचा पत्ता आणि आहाराची माहिती लेखी द्यावी. यासाठी इमारत नको, निधी नको; केवळ परस्पर विश्वास हवा. जीव परस्परांना उपकारक होतात, हे तत्त्व आचरणात आणण्याचा याहून सुलभ मार्ग क्वचितच सापडेल.

ज्यांना प्राण्याला बरोबर नेणे भागच आहे, त्यांच्यासाठी पथ्ये थोडी आहेत. थेट उड्डाण निवडावे, म्हणजे मधली चढ-उतार टळते. उन्हाळ्यात पहाटेची वा रात्रीची वेळ घ्यावी. लहान प्राण्यास प्रवासी कक्षातच न्यावे आणि पिशवी आपल्या पायांपाशीच ठेवावी. ती वरच्या कप्प्यात ठेवण्यास कोणी सांगितले, तर आत जीव आहे हे स्पष्ट शब्दांत सांगावे. मोठ्या प्राण्यासाठी रेल्वेचा विचार अवश्य करावा. प्रथम वर्गाचा पूर्ण कूपे आरक्षित केल्यास नियमांनुसार कुत्र्याला मालकाबरोबर प्रवास करता येतो. वेळ अधिक लागतो, परंतु तो वेळ त्या जीवाला धन्याच्या सोबतीत मिळतो.

सारांश, प्राण्यांनी प्रवासी कक्षातून प्रवास करावा काय, या प्रश्नाला जैन दृष्टीने उत्तर असे : आवश्यक प्रवासात होय, सहप्रवाशाचा विचार राखून होय, आणि अनावश्यक प्रवासात ना केबिन, ना मालकक्ष. भारतीय संविधानाच्या ५१-अ कलमाने प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. श्रावकाच्या घरी ते कर्तव्य त्याहून कितीतरी आधी आलेले आहे. कायद्याच्या पुस्तकात तो जीव सामान म्हणून लिहिला जात असला, तरी सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या या समाजाच्या घरातून निघताना तो सामान म्हणून निघू नये, एवढीच अपेक्षा.

जय जिनेंद्र.